चढणीचा मासा

श्रोतेहो, मृग बरसला, ओढ्याला गढूळ पाणी आलं, की गावोगाव एकच धांदल उडते. कोणी पाग खांद्यावर टाकतो, कोणी रस्त्याखालच्या मोरीला जाळी बांधतो, कोणी घरातली जुनी मच्छरदाणीच घेऊन धावतो. चढणीचे मासे लागलेत! मला आज एवढंच सांगायचंय : चढणीचा मासा धरू नका, उतरणीचा धरा. हे मी पुन्हा म्हणणार आहे, कारण या वेळी कुणाचं तरी दूध उतू जात असतं आणि नेमकं तेवढंच ऐकायचं राहतं.

रोहू, कटला, मृगळ तुम्ही बाजारात ओळखता. आपल्या नद्यांतले तांबरा आणि कानस त्यांचेच भाऊबंद. वर्षभर ही मंडळी डोहात नाहीतर धरणाच्या पाण्यात सुखानं असतात. पण पोटात गाबोळी भरली, की पहिलटकरणीसारखं माहेर आठवतं. माहेर म्हणजे नदीच्या वरच्या अंगाचा, पुराचं नवं पाणी पसरलेला उथळ काठ. सासरी खायला-प्यायला मुबलक, तरी रोहूची मादी साचल्या पाण्यात अंडी सोडत नाही. वाट मिळाली नाही, तर पिकलेली अंडी पोटातच जिरवते.

आभाळ भरलेलं, पाणी गढूळ आणि उबदार, अंगावर येणारी ओढ : एवढं जुळलं की ती निघते. काठावर नर मागे लागतात, पाणी घुसळून निघतं. अंडी चिकट नसतात. ती पाणी पिऊन टपोरी होतात, प्रवाहाबरोबर लोळत जातात आणि 15 ते 18 तासांत पिल्लं बाहेर पडतात. पाणी वाहतं हवं ते यासाठीही.

सायप्रिनस माशाचं मात्र निराळं. 1957 साली बँकॉकहून आणलेला त्याचा वाण पाणवनस्पतींना चिकट अंडी लावून तळ्यातच मोकळा होतो. त्या बाईला माहेर लागत नाही!

आता कोणी म्हणेल, मत्स्यबीज केंद्रं आहेत की. आहेत. त्याच 1957 साली, 10 जुलैला, ओडिशात हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माशाच्याच पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून या जातींना अंडी सोडायला लावली. म्हणून 10 जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन. म्हणजे बाळंतपण दवाखान्यात आलं, आणि बरं झालं; नाहीतर आज शेततळ्यांना बोटुकली कुठून मिळाली असती? पण या दवाखान्यात रोहू-कटल्याची बडदास्त. तांबऱ्याला, कानशीला खाट क्वचितच मिळते. त्यांना माहेरचीच वाट, आणि त्या वाटेवर आपण मोरीशी जाळी लावून बसलेलो.

दूध उतू गेलं त्यांच्यासाठी पुन्हा : चढणीचा नको, उतरणीचा. एक किलोच्या रोहू मादीच्या पोटात 2 लाखांच्या आसपास अंडी असतात. त्यातली फार थोडी जगतात, म्हणून तर लाखांनी घालावी लागतात. वरून उतरताना मासा अंडी टाकून आलेला असतो. गाबोळीच्या तळलेल्या तुकड्यावर ज्यांचा जीव, त्यांना हे रुचणार नाही. न रुचू दे. दारात आलेल्या गर्भारशीला आपण अडवत नाही, मग हिलाच का?

समुद्रावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना बंदी असते, बोटी किनाऱ्याला लागतात. ओढ्यावर कोण विचारतो? महाडजवळ वाळणकोंडीत मात्र देवीचे मासे म्हणून कोणी हात लावत नाही. तिथे सरकारी पाटीची गरज पडलेली नाही.

आणि ते कोल्हापूर पद्धतीचे बंधारे! पावसाआधी त्यांचे पाणी अडवणारे बरगे वेळेवर निघाले, तर माशांची वाट मोकळी होते. उशीर झाला तर... पण स्टुडिओच्या काचेपलीकडून हात हलायला लागलाय, हा विषय राहिला.

तेव्हा ज्यांनी मोरीला जाळी बांधली असेल, त्यांनी ती आज संध्याकाळीच सोडून आणावी. रात्री पाऊस सांगितलाय.