पीएच.डी. झाली, पुढे दार कोण उघडणार?



पेण-रोह्याकडच्या घरात एखाद्या मुलीने पीएच.डी. मिळविली की पेढे वाटले जातात आणि शिक्षण संपले, असे सर्वजण समजतात. विज्ञानात स्वतंत्र संशोधकाची उमेदवारी मात्र तेथून पुढे सुरू होते. ‘पोस्टडॉक’ नावाची ही उमेदवारी दोन-तीन वर्षांची आणि सर्वस्वी तात्पुरती असते. परंतु ती केल्यावाचून नामांकित संशोधनसंस्थेत कायमची जागा मिळणे आज दुरापास्त झाले आहे.

अशा संस्था काही सातासमुद्रापलीकडे नाहीत. परळला 1952 साली सुरू झालेली कर्करोग संशोधनाची संस्था 2002 साली खारघरला आली. भूचुंबकत्व संस्था नवीन पनवेलला आहे, आणि अलिबागची चुंबकीय वेधशाळा तर 1904 पासून उभी आहे. मुंबईच्या ट्रामगाड्या विजेवर चालणार, त्यामुळे कुलाब्याची निरीक्षणे बिघडणार, म्हणून ती अलिबागला हलविली गेली. मुंबईची अडचण झाली तेव्हा विज्ञान खाडी ओलांडून इकडे आले. इकडची मुले त्या विज्ञानात किती शिरली, हा प्रश्न निराळा!

शिरावे तरी कसे? केंद्र सरकारच्या राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल फेलोशिपला पीएच.डी.प्रमाणेच एम.डी., एम.एस. झालेले डॉक्टरही पात्र आहेत. वयाची मर्यादा 35. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती व इतर मागासवर्गीय यांना 5 वर्षांची सवलत. मात्र मार्गदर्शक उमेदवारानेच शोधावयाचा आणि त्याची व संस्थेची संमती अर्जासोबत जोडावयाची. खरी मेख येथेच आहे. ज्याच्या गुरूची ओळख दूरवर पोचलेली, त्याचे काम एका फोनवर होते. तालुक्याच्या महाविद्यालयातून वर आलेल्या मुलीच्या पत्रांना उत्तरही येत नाही.

तिने पत्र लिहावे ते त्या शास्त्रज्ञाचे अलीकडचे दोन-तीन शोधनिबंध वाचून, आणि आपण त्यात नेमकी कोणती भर घालू शकतो हे एका पानात सांगून. ‘कोणतेही काम चालेल’ असे लिहिणाऱ्याची नम्रता दिसते, तयारी दिसत नाही. पण चांगले पत्र लिहिणे एवढ्यावरच न्याय अवलंबून ठेवावा काय?

केंद्राच्या प्रकल्पांतील रिसर्च असोसिएटचे मानधन 1 जानेवारी 2023 पासून किमान 58,000 रुपये व घरभाडे भत्ता असे ठरले. रक्कम लहान नाही. पण प्रकल्प संपला की जागाही संपते. शिक्षणासाठी कर्ज काढलेल्या घरातील तरुण डॉक्टर मग प्रयोगशाळेऐवजी दवाखाना निवडतो, आणि त्याला दोष देण्याचा अधिकार कोणालाही नाही.

म्हणून मागणी साधी आहे. विद्यापीठातील व संशोधनसंस्थांतील अशी प्रत्येक जागा, मग ती एकट्या प्राध्यापकाच्या प्रकल्पातील का असेना, मुदत, मानधन आणि निवडीचे निकष सांगून जाहीर व्हावी. संमती नाकारली तर कारण कळवावे. आणि त्या जाहिराती पेण, रोहा, महाड येथील महाविद्यालयांच्या सूचनाफलकांवर, बँकभरतीच्या कागदाशेजारी, मुदत संपण्यापूर्वी लागाव्यात.