हुकमाप्रमाणे चालणारी मधमाशी

आज ज्या खेळण्यांविषयी बोलायचे आहे त्यांतले एक मधमाशीच्या आकाराचे आहे. पिवळे अंग, काळे पट्टे, दोन डोळे आणि पोटाखाली चाके. किल्लीची मोटार जमिनीवर सोडली की ती पळत सुटते आणि कुठे थांबायचे ते भिंत ठरवते. या माशीचे तसे नाही. तिच्या पाठीवर सात बटणे आहेत. पुढे जा, मागे ये, डावीकडे वळ, उजवीकडे वळ, ही चार. एक क्षणभर थांबण्याचे, एक आधीचे सारे पुसून टाकण्याचे, आणि मधोमध 'नीघ' म्हणण्याचे. तुम्ही तीनदा 'पुढे' दाबा, एकदा 'उजवीकडे', पुन्हा दोनदा 'पुढे'. माशी जागची हलत नाही. ती नुसती ऐकून ठेवते. मग मधले बटण दाबले की एकेक आज्ञा त्याच क्रमाने पार पाडते. दर पाऊल पंधरा सेंटिमीटरचे, आणि वळण काटकोनात. इंग्लंडमध्ये तयार झालेल्या या खेळण्याचे नाव बी-बॉट. तिकडच्या बालवर्गांतून ते चांगलेच परिचयाचे आहे.

आधी सगळे सांगायचे आणि मग ते घडायचे, एवढीच या खेळाची गोम. ऐकायला क्षुल्लक वाटते, पण चार-पाच वर्षांच्या मुलाला विचारून पाहा! आपण मुलाला सांगतो, "कोपऱ्यावरच्या वाण्याकडून पावशेर गूळ आण." चप्पल घाल, जिना उतर, रस्ता ओलांडताना दोन्ही बाजूंना बघ, हे आपण बोलत नाही, ऐकणारा आपल्या पदरचे घालून वाक्य पुरे करतो. यंत्राला पदरचे घालता येत नाही. त्याला जेवढे सांगितले तेवढेच, आणि जसे सांगितले तसेच. काम लहान पायऱ्यांत फोडून, क्रम लावून, एकही पायरी न गाळता सांगणे, यालाच मोठ्या माणसांच्या जगात प्रोग्रॅम लिहिणे किंवा हल्ली कोडिंग म्हणतात. ते करायला पडदा लागतो, कळफलक लागतो, ही आपली समजूत. या खेळण्यांनी ती खोटी पाडली आहे.

पडदा नसणे ही काही उणीव नव्हे, बरं का. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली लहान मुलांसाठी मार्गदर्शन प्रसिद्ध केले. दोन ते चार वर्षांच्या मुलाने दिवसातून एका तासाहून अधिक वेळ पडद्यासमोर बसू नये, कमी बसले तर उत्तमच, असे त्यात म्हटले आहे. पण आरोग्याची गोष्ट बाजूला ठेवली तरी एक कारण उरतेच. पडद्यावरचे चित्र एकट्याने बघता येते. जमिनीवरून चालणाऱ्या माशीभोवती मात्र चार मुले गोळा होतात, पोटावर पालथी पडतात, आणि वाद घालतात. त्या वादातच निम्मे शिक्षण असते.

ही कल्पना आजची नाही. अमेरिकेत बोस्टनजवळच्या केंब्रिज येथे सीमोर पॅपर्ट, वॉली फ्यूरझाइग आणि सिंथिया सॉलोमन या मंडळींनी १९६७ साली मुलांसाठी 'लोगो' नावाची संगणकभाषा तयार केली. पॅपर्ट हे मूळचे दक्षिण आफ्रिकेचे गणिती. जिनिव्हात पियाजे यांच्याबरोबर काही वर्षे काम केलेले. मूल हातांनी काही करते तेव्हा शिकते, हे त्यांनी तिथून मनाशी बांधून आणलेले. लोगो आल्यावर थोड्याच वर्षांत तिच्या जोडीला एक कासव आले. चित्रातले नव्हे, खरोखर जमिनीवर चालणारे यंत्र. आज्ञा दिली की ते पुढे जाई, वळे, आणि पोटाशी बसवलेल्या लेखणीने कागदावर रेघ ओढी. मुलांना चौकोन काढायचा असला की पॅपर्ट सुचवीत, तू स्वतःच कासव हो आणि चालून बघ. चार पावले, वळण; चार पावले, वळण. भूमिती पायांतून डोक्यात चढे.

परंतु लोगोच्या आज्ञा अक्षरे जुळवून द्याव्या लागत, आणि ज्याला अजून अक्षरओळख नाही त्याने काय करावे? हा प्रश्न त्याच केंब्रिजच्या एमआयटी संस्थेत रेडिया पर्लमन या तरुण विद्यार्थिनीने हाती घेतला. १९७४ ते १९७६ या काळात तिने बटणांची एक पेटी केली, आणि मग त्याहून नामी असे एक यंत्र. त्याला ओळीने खाचा होत्या. प्लॅस्टिकचे एकेक पत्ते, त्यांवर आज्ञेचे चित्र. मुलाने पत्ते खाचांत क्रमाने खोचायचे. कासव ते क्रमाने वाचून चालणार. निरनिराळ्या रंगांच्या अशा पट्ट्या होत्या, आणि एका पट्टीतल्या पत्त्याने दुसऱ्या पट्टीला हाक मारता येई. साडेतीन-चार वर्षांची मुलेही त्यावर खेळली. पर्लमनबाईंनी पुढे हा नाद सोडला. लहान मुलांत रमणारी बाई म्हणून शास्त्रज्ञांच्या जगात आपल्याला कोणी गंभीरपणे घेणार नाही, अशी भीती वाटली, असे त्यांनीच नंतर सांगितले आहे. संगणकांच्या जाळ्यात संदेश गोल गोल फिरत राहू नयेत यासाठी त्यांनी १९८५ च्या सुमारास शोधलेली युक्ती जगभर वापरली गेली, तेव्हा नुकसान त्यांचे झाले नाही. झाले ते बालवाड्यांचे. चाळीसएक वर्षांनी बाजारात आलेली कित्येक खेळणी त्या पत्त्यांचीच नातवंडे आहेत.

त्यांतली दोन सांगतो. लंडनच्या प्रायमो टॉइज कंपनीचा क्युबेटो हा लाकडी ठोकळ्यासारखा यंत्रमानव. त्याच्याबरोबर एक लाकडी पाट मिळतो, त्याला खाचा असतात आणि त्यांत रंगीत सोंगट्या बसवायच्या. निळी सोंगटी म्हणजे 'खालच्या ओळीत मांडलेले सगळे कर'. म्हणजे एकदा मांडलेली चाल पुन्हा पुन्हा वापरता येते. दुसरा किबो. टफ्ट्स विद्यापीठात असताना मरिना बर्स यांच्या संशोधनातून तो निघाला. इथे लाकडी ठोकळे आगगाडीच्या डब्यांसारखे जोडायचे, आणि त्यांवरच्या रेघांच्या खुणा यंत्राला एकामागून एक दाखवायच्या. 'टाळी वाजेपर्यंत थांब' असाही एक ठोकळा त्यात आहे. मुलांना तो सर्वांत प्रिय असेल, हे सांगायला शास्त्रज्ञ नको!

आता मुले चुकतात कुठे, ते पाहू. खरा मजकूर तिथेच आहे. पहिली गफलत वळणाची. 'डावीकडे' दाबले की माशी डावीकडच्या घरात जाईल असे मुलाला वाटते. ती जागच्या जागी नुसती वळते. वळणे वेगळे आणि चालणे वेगळे, हे तोपर्यंत त्याच्या ध्यानातच आलेले नसते. दुसरी गफलत याहून खोल. माशी मुलाकडे तोंड करून येत असली की तिचे डावे ते मुलाचे उजवे. मग मूल उठते, माशीच्या मागे जाऊन उभे राहते, मान वाकडी करते. दुसऱ्याच्या जागी उभे राहून बघणे म्हणजे काय, ते या वेळी त्याच्या अंगात भिनत असते. तिसरी गफलत पुसण्याची. जुन्या आज्ञा पुसल्या नाहीत तर नव्या त्यांच्या शेपटीला जोडल्या जातात, आणि माशी आधी कालचा रस्ता चालते व मग आजचा. खोलीत हशा पिकतो. पण खेळण्यात बिघाड नाही, आपल्या सांगण्यात आहे, हे मुलाला आपोआप उमगते. कोणी रागावत नाही, लाल शाईची फुली पडत नाही. कुठली पायरी चुकली ती शोधायची, तेवढीच बदलायची, पुन्हा सोडायची. इंग्लंडच्या २०१४ पासूनच्या अभ्यासक्रमात पाच ते सात वर्षांच्या मुलांनी साधा प्रोग्रॅम करावा आणि त्यातली चूक हुडकून दुरुस्त करावी, असे स्पष्ट लिहिले आहे. मला विचाराल तर, या दोहोंत दुसरे कलम मोलाचे.

मात्र जाहिरातींवर भुलू नका. असल्या खेळण्याने मूल बुद्धिमान होते, गणितात पुढे जाते, उद्या मोठा इंजिनियर होते, असे डब्यांवर छापलेले असते. लोगोच्या भराच्या काळातही असेच बोलले जाई. रॉय पी आणि मिडियन करलंड या दोघा संशोधकांनी न्यूयॉर्कच्या बँक स्ट्रीट कॉलेजात लोगो शिकलेल्या मुलांची तपासणी केली. १९८४ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखांत आढळते ते असे की, प्रोग्रॅम लिहायला शिकलेली ही मुले इतर कामांची आखणी करण्यात न शिकलेल्यांहून सरस ठरली नाहीत. म्हणजे विद्या एका खोलीतून दुसऱ्या खोलीत आपल्या पायांनी जात नाही. मोठ्या माणसाने बोट धरून न्यावी लागते. 'हे तू माशीला सांगितलेस, तसे आता मला कणीक मळायला सांग बघू,' असे म्हणणारे कोणी जवळ हवे.

आपल्याकडे २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने कोडिंगचे उपक्रम माध्यमिक नव्हे, त्याआधीच्या मधल्या टप्प्यात, म्हणजे सहावीपासून सुरू करावेत असे सुचवले आहे. बालवाडीला त्याची सक्ती नाही, आणि नसावी. शिवाय परदेशी खेळण्यांची किंमत अंगणवाडीला झेपणारी नाही. पण ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बालवाडी चालवली, ती कुठे महाग साहित्यावर? शंखशिंपले, बिया, पाने, खडे. माशीच्या खेळालाही याहून अधिक लागत नाही.

जमिनीवर खडूने चार-चार घरांच्या चार ओळी आखा. एका घरात चिंचोका ठेवा. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर बाण काढा: पुढे, डावे वळण, उजवे वळण. एक मूल यंत्र होईल, दुसरे पत्ते जमिनीवर ओळीने मांडेल. सगळे पत्ते मांडून होईपर्यंत यंत्राने हलायचे नाही, आणि नंतर पत्त्याबाहेर एक पाऊलही टाकायचे नाही. समोर भिंत आली तरी 'पुढे' म्हटल्यावर पाय उचलायचाच. बाकीच्यांनी ओरडून सांगायचे नाही, हा नियम पाळायला सर्वांत कठीण. चिंचोका चुकला तर पत्ते उधळू देऊ नका. ओळ तशीच राहू द्या आणि बिघडलेला पत्ता कोणता, ते मुलांनाच शोधू द्या. चार वर्षांच्या मुलांना पहिल्या दिवशी 'पुढे'चे तीन पत्ते पुरेत. वळणाचा पत्ता आठवड्याने द्यावा, आणि तो देताना यंत्राच्या उजव्या मनगटाला एक दोरा बांधावा.