ओसरीवरचा पिंजरा आणि अंगणातली पाखरे

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



वर्धापनदिनी काही उपयोगाचे बोलावे, अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली. स्वयंपाक, शिवण, मुलांचे आरोग्य हे विषय येथे पुष्कळ वेळा होऊन गेले आहेत. म्हणून मी आज पाखरांविषयी बोलणार आहे. विषय ऐकून कोणाला हसू येईल. पण आपल्या देऊळघाटात काय किंवा बुलढाण्यात काय, ओसरीवर टांगलेला पिंजरा आपणा सर्वांच्या ओळखीचा आहे. पिंजरा हौसेने आणतात घरातली मुले नाहीतर पुरुष मंडळी. दाणापाणी मात्र पडते बाईच्या अंगावर. तेव्हा हा विषय आपलाच आहे.

पहिली गोष्ट पोपटाची. आपल्याकडे ज्याला राघू किंवा मिठ्ठू म्हणतात, तो हिरवा, लाल चोचीचा पक्षी रानात जन्मलेला असतो. जुन्या झाडाच्या ढोलीत त्याची मादी अंडी घालते. हिवाळा सरता सरता आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी पिल्ले निघतात, आणि त्याच सुमारास पिल्ले काढणारेही झाडावर चढतात. टोपलीत कोंबून, उपाशीतापाशी ती बाजारात येतात. वाटेत काही मरतात. आपल्या हाती जे जिवंत पडते, त्याच्यामागे न पोहोचलेली भावंडे असतात, हे विकणारा सांगत नाही.

कायद्याने हे सारे बंद आहे. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 सालचा. आपल्या देशातले रानपोपट, मैना, मुनिया धरणे, विकणे किंवा पाळणे या कायद्याने गुन्हा ठरते. 2022 साली कायद्यात दुरुस्ती झाली. आता अशा गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. हे मी भीती घालण्यासाठी सांगत नाही. पुष्कळ घरांत हे ठाऊकच नसते, म्हणून सांगते.

आपल्या ओळखीच्या एका वृद्ध बाई आहेत. यजमान गेले, मुले नोकरीनिमित्त दूर. घरात बोलणारे म्हणून एक मिठ्ठू. मी कायद्याची गोष्ट काढली तेव्हा त्या म्हणाल्या, "बाई, तो गेला तर मला सकाळी हाक कोण मारील?" या प्रश्नावर माझ्याजवळ चटकन उत्तर नव्हते. त्यांचे प्रेम खोटे नव्हते. पण पोपट हा थव्याने राहणारा पक्षी. एकटा पडला की कित्येकदा स्वतःची पिसे उपटू लागतो. त्या मिठ्ठूची छातीही उघडी पडली होती. मी एवढेच म्हटले, "आजी, तुम्हाला एकटेपण काय असते ते ठाऊक आहे, त्यालाही तेच झाले आहे." त्या बराच वेळ गप्प बसल्या. चार दिवसांनी त्यांनीच मला वनखात्याला कळवायला सांगितले. आता शेजारची सून रोज सकाळी त्यांच्याकडे चहाला जाते. मिठ्ठूची जागा माणसाने भरली, आणि खरे म्हणजे ती माणसानेच भरायची होती.

मात्र कोणी उत्साहाने आज घरी जाऊन पिंजऱ्याचे दार उघडू नये. पंख कापलेला, हाताने भरवून वाढवलेला पोपट बाहेर जगत नाही. मांजराच्या किंवा कावळ्याच्या तोंडी जातो. वनखात्याचा 1926 हा क्रमांक आहे, त्यावर कळवावे. त्यांची माणसे पक्षी तपासून पुढची व्यवस्था लावतात.

पोपट ओळखायचा कसा, तेही सांगते. गळ्याभोवती काळी आणि गुलाबी कंठी असेल तर तो आपला नेहमीचा पोपट, आणि तो नर. मादीला अशी कंठी नसते, लहान नरालाही नसते. ती उमटायला दोन-तीन वर्षे लागतात. अंगाने मोठा आणि खांद्यावर तांबडा डाग असलेला दुसरा. लहानखुरा, जांभळट-लाल डोक्याचा तो तिसरा. त्याच्या मादीचे डोके करडे असते. हे तिन्ही रानचे. विकणारा काहीही नाव सांगो, तिन्ही पाळायला बंदी आहे.

मग ज्यांना पाखरू पाळायचेच आहे, त्यांनी काय करावे? ऑस्ट्रेलियातून आलेले बजरीगार आहेत. बाजारात त्यांनाच सर्रास लव्हबर्ड म्हणतात. यांच्या कित्येक पिढ्या पिंजऱ्यातच जन्मल्या आहेत आणि ते पाळायला कायद्याची आडकाठी नाही. पण घेताना भाजी घेतो तशी पारख करावी. डोळे स्वच्छ असावेत, नाक वाहते नसावे, शेपटीखालची पिसे घाण नसावीत. जे पाखरू अंग फुगवून कोपऱ्यात बसले आहे, ज्याची शेपटी प्रत्येक श्वासाला वरखाली होते, ते आजारी आहे असे समजावे. पाखरे दुखणे लपवतात. रानात दुबळे दिसणे म्हणजे मरण. म्हणून ते आपल्याला दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. मोठ्या बजरीगाराच्या चोचीवरचा मांसल भाग निळा असेल तर सामान्यतः नर, तपकिरी असेल तर मादी. एकटा कधी आणू नये, जोडी आणावी.

पिंजरा उंच नको, रुंद हवा. पाखरू आडवे उडते. राळे, बाजरी, कोवळी पालेभाजी, आणि चोच घासायला समुद्रफेन, एवढे पुरे. पाणी रोज बदलावे. चहा, चॉकलेट, तळलेले, खारट काही देऊ नये. आणि पिंजरा स्वयंपाकघरात कधीही टांगू नये. नॉनस्टिक तवा फार तापला तर त्याच्या वाफेने पाखरू काही मिनिटांत दगावते. आपल्याला वासदेखील येत नाही. विष्ठा झाडताना नाकाला पदर बांधावा आणि आधी पाणी शिंपडावे. सुकलेली धूळ नाकात गेली तर माणसालाही आजार होतो.

एक गंमत सांगते. पोपट मिरची मजेत खातो आणि आपण त्याचे कौतुक करतो. त्याला ती तिखट लागतच नाही. तिखटाची जाणीव देणारी जी सोय आपल्या जिभेत आहे, ती पाखरांत निराळी आहे. मिरचीचे बी लांब नेऊन टाकावे, म्हणून निसर्गाने पाखरांना ही सवलत दिली असावी.

आता मी जे सांगायला उभी राहिले, त्याकडे येते. पाखरांची आवड पुरवायला पिंजऱ्याची गरज नाही. पैनगंगेच्या काठचे आपले गाव; नदीवर खंड्या, बगळे, टिटवी, अंगणात साळुंकी, बुलबुल, दयाळ, शिंपी, होला. ओळख करून घेतली की ही सारी आपल्या घरची होतात. आणि ओळख करून घेताना आपल्या कितीतरी समजुती उलट्या होतात. वसंतात कुहू कुहू करतो तो नर, काळाभोर कोकीळ. मादी तपकिरी, पांढऱ्या ठिपक्यांची; ती गात नाही, कावळ्याच्या घरट्यात अंडी घालून मोकळी होते. काळापांढरा दयाळ नर, करडी ती मादी. वेडा राघू नावाचा राघू. प्रत्यक्षात तो पोपट नव्हेच, माश्या टिपणारा पक्षी. आणि सुगरण! शेजारच्या जळगाव जिल्ह्यातल्या बहिणाबाई चौधरींनी तिचा खोपा घराघरांत पोहोचवला. तो खोपा विणतो मात्र नर. अर्धवट विणून तो झोके घेत मादीला बोलावतो. ती येऊन आत-बाहेर पाहते, पसंत पडला तर राहते, नाही तर दुसरा बघते. कोणत्याही सासरी इतकी चोख पाहणी झाली असेल असे मला वाटत नाही.

उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चाळीसच्या वर जातो. तेव्हा मातीचे पसरट परळ सावलीत ठेवावे, त्यात दोन-तीन बोटे पाणी आणि उभे राहायला एक दगड. रोज घासून पाणी बदलावे, नाही तर डास होतात. चिमणीसाठी सव्वा इंच भोकाची लाकडी पेटी भिंतीला लावावी. 20 मार्च हा जागतिक चिमणी दिवस. तो 2010 पासून सुरू झाला, आणि त्यामागे नाशिकचे मोहम्मद दिलावर आहेत. चिमणी दाणे खाते हे खरे, पण पिल्लांना ती अळ्या आणि किडे भरवते. परसातल्या भाजीवर औषध फवारताना एवढे लक्षात ठेवावे.

घरट्यातून पिल्लू पडले तर? माणसाचा हात लागला की आई त्याला टाकते, ही समजूत खोटी. अंगावर पिसे नसतील तर घरट्यात परत ठेवावे. पिसे फुटली असतील तर ते उडायला शिकत असते. जवळच्या फांदीवर ठेवून आपण दूर व्हावे, आई येते. दूध पाजू नये, चोचीत पाणी ओतू नये. पाणी श्वासनलिकेत जाते. जखमी असेल तर भोके पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवून वनखात्याला कळवावे. मेलेली पाखरे आढळली तर हात लावू नये. 2021 च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यात बर्ड फ्लू आला होता, ते स्मरणात असेल.

दोन सण खास आपले. वटपौर्णिमेला फांद्या विकत आणून पूजा करण्यापेक्षा वडापाशी जावे. वडाच्या फळांवर किती पाखरे जगतात! आपल्या महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियल, पिवळ्या पायांचे हिरवे कबुतर, वड-पिंपळ-उंबराच्या फळांवरच पोसतो. आणि संक्रांतीला मुलांच्या हाती नायलॉनचा मांजा देऊ नये. तो तुटून झाडात राहतो आणि महिनोन्महिने पंख कापत राहतो.

शेवटी एक सूचना. 5 नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस. वनखात्यात नोकरी केलेला, पक्षीकोश सिद्ध केलेला आपला लेखक 2025 च्या जूनमध्ये गेला. 12 नोव्हेंबर हा डॉ. सलीम अलींचा. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या एका पिवळ्या गळ्याच्या चिमणीचे नाव विचारायला ते मुंबईच्या निसर्ग-संस्थेत गेले, आणि तेथून त्यांचे सारे आयुष्य पाखरांचे झाले. या दोन दिवसांमधला आठवडा 2020 पासून महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. येत्या नोव्हेंबरात मंडळाने मुलांना घेऊन एक सकाळ पैनगंगेच्या काठी काढावी, आणि दिसतील त्या पाखरांची यादी मंडळाच्या फलकावर लावावी. दरवर्षी ती यादी वाढते की कमी होते, ते पाहावे. आणि ज्या घरी रानपोपटाचा पिंजरा आहे, त्या घरी मंडळाच्या दोन बायकांनी जावे. रागावायला जाऊ नये. दोन घटका बसावे, चौकशी करावी, आणि वनखात्याचा नंबर देऊन यावे.