किनाऱ्यावरचा हजेरीपट



कामगार संघटनेच्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत शिंपल्यांवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. माझे शिक्षण शाळेपेक्षा वाचनालयातच अधिक झाले. तेव्हा प्राणिशास्त्राच्या पदवीधरांनी सांभाळून घ्यावे. पण हजेरीपट वाचणे हा माझा जन्माचा धंदा आहे, आणि आजचा विषय मुळात हजेरीचाच आहे.

समुद्रात शेवाळ असते हे आपण सारे जाणतो. पण खरेखुरे गवतही असते. त्याला मुळे फुटतात, फुले येतात, बी धरते. मन्नारचे आखात, कच्छचे आखात, लक्षद्वीप येथे त्याची कुरणे आहेत. आपल्या राज्यात काही खाड्यांच्या चिखलात हॅलोफिला नावाची बारीक पानांची जात आढळते. पानांवर धरलेली शेवाळाची साय गोगलगायी खरवडून खातात, आणि मुळांशी चिखलात शिंपल्या राहतात. त्यांतल्या ल्युसिनिड कुळाचा व्यवहार मोठा मौजेचा आहे. पाने कुजून चिखलात विषारी सल्फाइड साचते. या शिंपल्यांच्या कल्ल्यांत राहणारे जिवाणू ते वापरून टाकतात. गवत वाचते आणि शिंपलीचे पोट भरते. तिघांचा हा करार गवताच्या किती उपयोगी आहे, हे 2012 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले. हंगाम पालटून पाने झडली, म्हणजे वरची वस्ती उठते, मुळांतली मागे राहते.

पालघरच्या किनाऱ्यावर अशी मोठी कुरणे नाहीत. आपले पाणी गढूळ. तळाशी उजेड पोचत नाही. येथे केळव्यापासून वाढवणपर्यंत कुरणाचे काम खडक, चिखल आणि खारफुटी करतात. हजेरी मात्र तशीच फिरती.

पावसाळ्यात सूर्येचे पाणी घेऊन वैतरणा खाडीत उतरते आणि तेथला खारटपणा झपाट्याने घटतो. कालवे, तिसऱ्या, शिवल्या कवाडे मिटून बसतात. काही दिवस निभावतात. गोडे पाणी फार काळ टिकले तर मरतात. पाऊस ओसरला, की पिल्लांची दाटी होऊ लागते. त्यांतली बहुतेक मोठी होत नाहीत, ही गोष्ट वेगळी. थंडीत खडकावर हिरवे शेवाळ धरते, गोगलगायी चरायला बाहेर येतात. वैशाखात ओहोटीला तोच खडक तव्यासारखा तापतो, शेवाळ करपते, आणि त्याच गोगलगायी कपारीत शिरतात.

आता पाहा. एखादा साहेब पाऊस सरल्यावर मोजणी करील, तर म्हणेल, वस्ती भरभरून आहे. दुसरा मे महिन्यात भर दुपारी येईल, तर म्हणेल, येथे काहीच नाही. दोघेही खोटे बोलत नाहीत. एका दिवसाच्या हजेरीवरून कारखान्यात माणसे किती, हे ठरवण्यातलाच हा प्रकार. शिवाय शंखात पुष्कळदा गोगलगाय नसतेच. मेलेल्याच्या घरात शंखखेकडा राहतो. मेलेल्याच्या नावावर दुसऱ्याने हजेरी लावणे ही काही केवळ माणसांची हुशारी नव्हे!

हे सारे मी गमतीसाठी सांगत नाही. 1969 पासून तारापूरच्या अणुवीजकेंद्राचे कोमट पाणी समुद्रात जाते. पुढे औद्योगिक वसाहत आली, तिचे सांडपाणी नवापूरच्या बाजूने समुद्राकडे निघाले. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेच्या अर्जावर राष्ट्रीय हरित लवादाने 2022 साली प्रदूषणापायी भरपाई आकारली. 30 ऑगस्ट 2024 रोजी वाढवण बंदराची पायाभरणी झाली. बंदर हवे की नको, हा वाद आज मी येथे काढत नाही. मी एवढेच विचारतो, की उद्या खडकावरची कालवे कमी झाली, तर ती उन्हाळ्याने झाली की माणसाने, हे कशावरून ठरवणार? आधीचा बारा महिन्यांचा पट नसेल, तर वाटेल तो म्हणेल, "हंगामच वाईट होता." संप मोडताना मालक असेच बोलतात.

केंद्र सरकारच्या 1994 च्या पर्यावरण अधिसूचनेत जलद अहवालाची सोय होती, आणि त्यात पावसाळा सोडून एकाच हंगामाचे आकडे चालत. 2006 साली नवी अधिसूचना आली, तरी एका हंगामावर भागवण्याची सवय सुटलेली नाही. म्हणजे ज्या चार महिन्यांत सर्वांत मोठी उलथापालथ होते, तेच नेमके वगळायचे!

खरी मोजणी अवघड नाही. खडकावर आणि चिखलात कायमच्या जागा ठरवाव्यात. दर अमावास्येच्या उधाणाला, पाणी सर्वांत मागे हटते तेव्हा, तेवढीच चौकट टाकून लहानमोठे जीव वेगळे मोजावेत. कपारीत हात घालावा, शंख उलटून पाहावा. पाऊस असला तरी खाडा करू नये. आणि मोजणीला कालवे काढणाऱ्या बायका बरोबर घ्याव्यात. कोणत्या कपारीत कोणत्या महिन्यात काय मिळते, हे त्यांना ठाऊक असते. मात्र त्यांना "स्थानिकांचे सहकार्य" म्हणून फुकट राबवू नये. त्यांचा रोज अहवालाच्या अंदाजपत्रकात धरावा, आणि पटावर सहीही त्यांची असावी.