तयारी कशाची?
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



परदेशी शिकायला जाणाऱ्या मुलांच्या तयारीवर बोल, असं मला सांगितलंय. 2023-24 मध्ये एकट्या अमेरिकेत 3,31,602 भारतीय विद्यार्थी होते. बहुसंख्य गणित, संगणक आणि अभियांत्रिकीचे. आमच्या ऑफिसातल्या सहकाऱ्यांची मुलं जाण्याआधी माझ्याकडे येतात. तयारी झाली का विचारलं की ठसक्यात सांगतात, "पायथन येतं, जावा येतं." आणि ते खरंच येतं.

अडतं दुसरीकडेच. आपल्याकडे इंजिनिअरिंगला सीनिअरचं जर्नल आणून उतरवून काढायची जुनी रीत. सही मिळाली की संपलं. तिकडे असाइनमेंट कॅनव्हाससारख्या प्रणालीवर ठरल्या मिनिटाला चढवायची. ती कुठल्या मजकुराशी जुळते ते टर्निटिन नावाचं सॉफ्टवेअर दाखवतं, आणि उतरवलेलं निघालं तर प्रकरण चौकशीपर्यंत जातं. माहिती कुठून घेतली ते लिहायचं असतं, हे पोरांना विशीनंतर पहिल्यांदा कळतं. (आपल्या नाणेघाटातल्या लेखात दोन हजार वर्षांपूर्वी यज्ञांत किती गाई, किती नाणी दान दिली ते आकड्यांसकट कोरलंय. नोंद ठेवायची सवय इथली जुनीच!)

पण खरं सांगू? मला अमेरिकेला जाणाऱ्यांपेक्षा इथून जुन्नरची एसटी पकडणाऱ्यांची काळजी जास्त वाटते. गेल्या वर्षी आपल्याकडची एक मुलगी पुण्यात इंजिनिअरिंगला गेली. मार्क उत्तम. मोबाइल तर असा चालवते की बघत राहावं. दुसऱ्याच आठवड्यात रात्री तिचा फोन: "ताई, मला नाही जमणार. मी घरी जाते." झालं काय होतं, तर लॅबमध्ये प्रोग्रॅम लिहिला आणि फाइल कुठे सेव्ह झाली ते सापडेना. मोबाइलवर फोटो आपोआप गॅलरीत जातो, फोल्डर कधी बघावा लागत नाही. फाइलला घर असतं, हे तिला कुणी दाखवलंच नव्हतं. शेजारच्या मुलींना ते शाळेतच शिकवलेलं. हिला वाटलं, आपल्याला डोकंच नाही.

फोनवर वीस मिनिटांत काम झालं. आज ती तिसऱ्या सेमिस्टरला आहे. पण जिला असा फोन करायला कुणी नाही, ती परत आली तर गाव एवढंच म्हणणार, "झेपलं नाही."

एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र बऱ्याच घरांत आहे. हाताला सवय मात्र रोज बसल्याशिवाय लागत नाही, आणि पावसाळ्यात इथे वीज किती टिकते ते तुम्हांला माहीतच आहे. म्हणून मे महिना धरलाय. दहा दिवस मी इथे येते. दहावी-बारावी झालेल्या मुलामुलींना फोल्डर करणं, दहा बोटांनी टायपिंग, सरांना ईमेल लिहिणं, माहितीचा उगम नोंदवणं, एवढंच शिकवायचं. पाच जुने लॅपटॉप माझ्याकडून. आणखी दहा लागतील. तुमच्यापैकी कुणाच्या कपाटात पडून असतील तर जेवणाच्या पंगती बसायच्या आधी मला सांगा, वही घेऊन मी दारातच उभी आहे.