उजेडाचा हिशेब



कवीने लॅपटॉपवर बोलावे, याचे तुम्हाला नवल वाटेल. मी बी.ए. झालेला माणूस. आयुष्यभर माझा यंत्राशी संबंध आला तो आईच्या शिवणयंत्रापुरता. पण गेल्या चार-पाच वर्षांत आमच्या घरात दोन लॅपटॉप आले. एक चुकीचा, एक बरोबर. त्या चुकीची किंमत माझ्या बहिणीने मोजली, म्हणून आज बोलतो आहे.

माझा भाचा आर्किटेक्चरला होता. दुसऱ्या वर्षाला त्याला लॅपटॉप हवा झाला. बहिणीने पाटल्या मोडल्या आणि पैसे माझ्या हाती दिले. म्हणाली, "भाईजान, तुम्ही शिकलेले. तुम्हीच सोबत जा." आम्ही दुकानात गेलो. दुकानदाराने एका चकचकीत लॅपटॉपवर बोट ठेवले. 'आय-सेव्हन' असे त्यावर चिकटवलेले होते. सातचा आकडा पाचापेक्षा मोठा, एवढे गणित मला येत होते. घेऊन टाकला.

सहा महिन्यांनी सबमिशन आले. पोराने इमारतीचे चित्र रात्री दहाला मशीनला लावले. सकाळी पाहतो तो निम्मेही झालेले नाही. त्याने अर्धवट चित्र नेले आणि गुण गमावले. बहीण मला काही बोलली नाही. ते न बोलणेच जास्त लागले.

गेल्या वर्षी माझ्या मुलीची वेळ आली, तेव्हा मी आधी शिकायला बसलो. मुलगीच गुरू. "अब्बा, आधी हे समजून घ्या, की काम दोन प्रकारचे असते," ती म्हणाली.

पहिले काम आखणीचे. ऑटोकॅडमध्ये नकाशा, स्केचअपमध्ये किंवा रेव्हिटमध्ये घराचा घाट. यात प्रोसेसरचा एकट्या कोअरचा वेग महत्त्वाचा. बरेचसे काम एकामागून एक चालते, दहा हात असले तरी एकच राबतो. दुसरे काम रेंडरिंगचे, म्हणजे घर बांधण्याआधी त्याचा फोटो काढणे.

हे तिने मला आमच्या जुन्या घरावरून समजावले. खानदेशातले धाब्याचे घर तुम्हाला ठाऊक आहे. जाड मातीच्या भिंती, लाकडी तुळया, वर मातीचे धाबे, आणि छतातल्या झरोक्यातून उतरणारा उजेडाचा एक खांब. तो उजेड जमिनीवर पडतो, तिथून भिंतीवर जातो, भिंतीवरून आजीच्या चेहऱ्यावर. रेंडरिंग करताना संगणक हाच हिशेब करतो. अशा लाखो किरणांचा माग काढतो. तेव्हा कुठे भिंत मातीची दिसते आणि काच काचेची.

हा हिशेब काही प्रोग्रॅम प्रोसेसरकडून करून घेतात, तेव्हा जितके कोअर जास्त तितके बरे. पण लुमियन, एन्स्केप यांसारखे प्रोग्रॅम तो ग्राफिक्स कार्डावर टाकतात. भाच्याच्या लॅपटॉपमध्ये स्वतंत्र ग्राफिक्स कार्डच नव्हते. सातचा आकडा होता, पण ओझे उचलणारा बैल नव्हता.

मग आम्ही कागदावर यादी केली. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड, त्याची स्वतःची मेमरी निदान 6 जीबी, जमल्यास 8. रॅम 16 जीबीच्या खाली नको, 32 असेल तर उत्तम. आज 16 घेतली तर पुढे वाढवता येते का, हे विचारून घ्यायचे, कारण काही लॅपटॉपमध्ये रॅम कायमची डकवलेली असते. साठवणीला एसएसडी, 512 जीबी तरी, कारण या फायली फार जागा खातात. पडद्याचे रंग खरे दिसले पाहिजेत, नाहीतर वीट आपल्याला लाल दिसते आणि छापल्यावर तपकिरी. आणि रेव्हिट वापरायचे असेल तर विंडोजचे मशीन, कारण ते मॅकवर थेट चालत नाही.

एक गोम आणखी. ग्राफिक्स कार्डाचे नाव एकच, पण एका लॅपटॉपमध्ये त्याला भरपूर वीज मिळते, दुसऱ्या सडपातळ लॅपटॉपमध्ये कमी. त्यामुळे एकाच नावाची दोन कार्डे सारखी धावत नाहीत. किती वॅटचे, हे विचारावे.

आपल्याकडे तर उन्हाळ्याचाही विचार करायला हवा. बहुतेक लॅपटॉप खोलीचे तापमान 35 अंशांपर्यंत असेल, असे धरून बनवलेले असतात. आपल्या मे महिन्यात पारा 44 गाठतो. मशीन तापले की जीव वाचवायला स्वतःच वेग कमी करते. त्यामुळे जरा जाड, मोठ्या पंख्यांचे मशीन बरे. ते गादीवर ठेवू नये, खालून हवा लागते. रात्री काम करावे. दुरुस्तीला कुठे न्यावे लागेल, हेही आधी विचारावे. अमळनेरहून जळगाव किंवा धुळे गाठायचे म्हणजे दिवस जातो.

पैशांबद्दल दोन गोष्टी. पहिल्या वर्षी बहुतेक ठिकाणी ड्रॉइंग बोर्डावर हातानेच आखणी असते. लगेच घाई नको, कॉलेजात कोणते प्रोग्रॅम शिकवतात ते कळू द्या. आणि ऑटोकॅड, रेव्हिट ज्या कंपनीचे, ती विद्यार्थ्यांना ते मोफत वापरू देते, दरवर्षी नूतनीकरण करावे लागते. ब्लेंडर तर सगळ्यांनाच मोफत. घरी बसूनच काम असेल तर त्याच पैशात डेस्कटॉप जास्त ताकदीचा मिळतो. माझी मुलगी वसतिगृहात, म्हणून लॅपटॉप.

तो आला. पैसे माझ्या कवितासंग्रहासाठी ठेवलेले होते. शेजारचे दादा किंमत ऐकून म्हणाले, "भाऊ, इतला पैसा?" मी म्हणालो, संग्रह थांबेल, पोरीचे सबमिशन थांबणार नाही.

आपल्या अमळनेरला संगणक तसा परका नाही. 1945 साली महंमद हाशम प्रेमजींनी इथे वनस्पती तुपाची कंपनी काढली. तिची पुढे विप्रो झाली, संगणकाच्या धंद्यात उतरली. तुपाच्या गावातून जगाला सॉफ्टवेअर गेले. तरीही आपल्यातले किती पालक आजही चिकटवलेला आकडा पाहून पैसे मोजतात!

मागच्या सुट्टीत मुलीने पहिले चित्र दाखवले. आमचे पाडलेले धाब्याचे घर. वीस मिनिटांत तयार झाले होते. झरोक्यातून उजेड उतरला होता, ओट्यावर सावली होती. माझी बहीण शेजारी बसली होती. ती बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "भाईजान, अम्मी इथेच बसायची."

पाटल्यांचे ऋण फिटले, असे मी म्हणत नाही. पण पुढच्या वेळी कुणाच्या पाटल्या मोडायची वेळ आली, तर आधी ही यादी खिशात असू द्या.



(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)