मास्टर विनायक

धुळें जिल्ह्यांतील थाळनेर हें तापीकांठचें गांव फारुकी सुलतानांच्या कबरींमुळें इतिहासज्ञांस ठाऊक आहे. चित्रपटसृष्टीशीं त्याचा संबंध निराळ्या वाटेनें आला. येथील व्यापारी हरिदास लाड यांची कन्या सुप्रसिद्ध गायक-नट मास्टर दीनानाथ मंगेशकर यांस दिली होती, आणि लता ही त्यांची थोरली मुलगी. आजोळीं आजीच्या तोंडून ऐकलेलीं गुजराती गाणीं तिच्या कानांवरील पहिल्या संस्कारांपैकीं होत. २४ एप्रिल १९४२ रोजीं दीनानाथ पुण्यास निवर्तले, तेव्हां लता अवघी बारा वर्षांची असून तिच्या पाठीवर चार भावंडें होतीं. त्या समयीं या कुटुंबास हात देणारे दिग्दर्शक विनायक कर्नाटकी, ऊर्फ मास्टर विनायक, यांचें चरित्र म्हणूनच खानदेशांतील रसिकांनीं जाणून घेण्याजोगें आहे.

विनायकरावांचा जन्म १९ जानेवारी १९०६ रोजीं कोल्हापुरांत झाला. बाबूराव व भालजी पेंढारकर हे त्यांचे नात्यानें बंधु. १९३२ सालीं 'प्रभात'च्या 'अयोध्येचा राजा' या बोलपटांत त्यांनीं नारदाची भूमिका केली. हा बोलपट मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांत निघाला होता. पुढें १९३५ सालीं 'विलासी ईश्वर' हा बोलपट त्यांनीं दिग्दर्शित केला, आणि १९३६ सालीं बाबूराव पेंढारकर व छायालेखक पांडुरंग नाईक यांच्यासह 'हंस पिक्चर्स' ही संस्था काढली.

मराठी मुलुख लहान आणि बोलपटाचा खर्च मोठा; त्यामुळें एकच कथा दोन भाषांत चित्रित करण्याची रीति त्या काळीं रूढ झाली. विनायकरावांनींही 'छाया' (१९३६), 'ब्रह्मचारी' (१९३८) आणि 'ब्रँडीची बाटली' (१९३९) हे बोलपट हिंदींतही काढले. 'छाये'ची कथा वि. स. खांडेकरांची आणि गंभीर. उरलेल्या दोहोंच्या कथा आचार्य अत्र्यांच्या, व त्यांत ब्रह्मचर्याचा बडेजाव आणि मद्यपानबंदीच्या काळांतील धांदल यांची थट्टा आहे. करुणरस एका भाषेंतून दुसरींत सुखानें जातो. विनोदाचें तसें नाहीं. शब्दाचा श्लेष, बोलण्याचा हेल आणि घरगुती टोमणा हे त्या त्या भाषेच्या अंगणांतच वाढतात. एकाच प्रसंगावर दोन निरनिराळ्या प्रेक्षकवर्गांस हंसवावयाचें, हें अवघड काम या दिग्दर्शकानें अंगावर घेतलें होतें.

त्यानंतर ते 'नवयुग' चित्रपटसंस्थेंत होते. दीनानाथांच्या निधनाच्याच वर्षीं त्या संस्थेच्या 'पहिली मंगळागौर' या बोलपटांत लतास लहानशी भूमिका व गाणें मिळालें. पुढें विनायकरावांनीं 'प्रफुल्ल पिक्चर्स' ही स्वतःची संस्था काढली आणि तींत या मुलीस मासिक वेतनावर ठेवलें. १९४५ सालीं संस्था मुंबईस आली, तेव्हां तीही मुंबईस आली. त्याच वर्षींच्या 'बडी माँ' या हिंदी बोलपटांत नूरजहाँ नायिका होती, आणि लता व आशा या भगिनींस किरकोळ भूमिका होत्या. १९४६ च्या 'सुभद्रे'तही लतानें काम केलें. तोंडाला रंग लावणें तिला मनापासून आवडत नसे. परंतु त्या पगारावर घरची चूल पेटत होती. विनायकरावांनीं दिलेलें साहाय्य कामाच्या मोबदल्याच्या रूपानें आलें, त्यामुळें घेणाऱ्याचा मानही राहिला.

१९ ऑगस्ट १९४७ रोजीं, देश स्वतंत्र होऊन चारच दिवस झाले असतां, एकेचाळिसाव्या वर्षीं विनायकराव वारले. त्यांचा 'मंदिर' हा बोलपट अपुरा राहिला होता. तो दिनकर पाटील यांनीं पुरा केला. लताचा आधार दुसऱ्यांदा तुटला. पण मुंबईची ओळख आणि ध्वनिमुद्रणाचा सराव आतां तिच्या पदरीं होता. १९४८ सालीं संगीतदिग्दर्शक गुलाम हैदर यांनीं 'मजबूर' मध्यें तिला गावयास लावलें, आणि १९४९ च्या 'महल' नंतर तिचा आवाज देशभर पोहोंचला. ती कीर्ति पाहण्यास विनायकराव उरले नव्हते. मात्र मधलीं पांच कठीण वर्षें त्यांच्या संस्थेच्या छायेखालीं निभावलीं, हें त्यांच्या बोलपटांच्या यादींत कोठेंही न दिसणारें कार्य त्यांच्या नांवावर जमा धरलें पाहिजे.